गिरगावची प्रेस, फराळाचे बॉक्स आणि ॲडव्हान्स मागायची भीड

हे प्रकरण गिरगावातल्या एका लहान प्रेसचं आहे. खाडिलकर रोडच्या जवळ, तळमजल्यावरचा गाळा, पुढे काउंटर आणि मागे मशीन. मालकांना मी काकाच म्हणते कारण माझे बाबा आणि ते एकाच चाळीत वाढले, आणि गेली बरीच वर्षं त्यांचा हिशोब आणि जीएसटीचे रिटर्न माझ्याकडे आहेत, त्यामुळे यातलं अर्धं मी आकड्यांतून बघितलंय आणि अर्धं त्यांच्या काउंटरवर बसून. प्रेसचं नाव देत नाही, त्यांना ते नकोय. कंफर्ट झोनच्या बाहेर पडा असं धंद्यावर बोलणारा प्रत्येक जण सांगतो पण छोट्या धंद्यात तो झोन नेमका कुठे असतो हे फारसं कुणी उलगडून सांगत नाही, आणि काकांच्या बाबतीत तो आम्हाला वाटला तिथे नव्हताच, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडं मागचं. काकांचे वडील खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवायचे, ट्रेडल मशीनवर पत्रिका छापायचे. काकांनी पुढे ऑफसेट आणलं, १५ बाय २० इंचाचं, एका वेळी एकच कलर छापणारं. कामं ठरलेली. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड, आणि गणपतीच्या आधी आजूबाजूच्या मंडळांची पावती पुस्तकं आणि अहवाल. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं किंवा ओळखीच्याच्या ओळखीचं. खाडिलकर रोड म्हणजे पत्रिकांचा बाजार, लोक आपणहून तिथे यायचे, त्यामुळे काम मागायला कुठे जावं लागतं हे या माणसाला तीस-पस्तीस वर्षांत माहीतच नव्हतं.

धंदा एका दिवसात बसला नाही, हळूहळू बसला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तर उलट काम वाढलं, सगळ्यांना नवीन नंबर टाकून बिलबुकं हवी होती, काका त्या महिन्यात रात्री उशिरापर्यंत मशीनवर असायचे. पण मग एकेक दुकानदार कॉम्प्युटरवर बिल काढायला लागला आणि बिलबुकं कमी झाली ती झालीच. मग मार्च २०२० चा लॉकडाऊन. एप्रिल २०२१ मध्ये तर महाराष्ट्रात लग्नाला फक्त २५ माणसं आणि दोन तास असा नियम होता, पत्रिका छापणार कोण आणि वाटणार कुणाला. २०२२ मध्ये लग्नं परत धूमधडाक्यात सुरू झाली पण पत्रिकेची सवय गेलेली होती. पूर्वी जे घर ४०० पत्रिका छापायचं ते आता देवापुढे ठेवायला आणि जवळच्यांना द्यायला १०० छापतं, बाकी व्हॉट्सॲप. त्यात त्या वर्षी कागदाचे भाव चढत गेले आणि काकांनी जुन्या गिऱ्हाईकांना जुनाच रेट लावला, कारण "आता यांना कसं सांगायचं".

हे "कसं सांगायचं" लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्यावर आहे.

२०२२ च्या दिवाळीआधी फराळ करून विकणाऱ्या एक काकू स्टिकर छापायला आल्या आणि सहज विचारलं की बॉक्स करून द्याल का, अर्धा किलो चकलीचे, दोनशेच हवेत, भिवंडीचे बॉक्सवाले पाच हजार नगांच्या खाली बोलतच नाहीत. काका म्हणाले, "ते आपलं काम नाही हो, ते पॅकेजिंगवाले वेगळे." त्या गेल्या. मी तिथेच बसले होते, आणि त्या आठवड्यात तसं विचारणारी ती पहिली बाई नव्हती हे काकांच्या मुलीने मला नंतर सांगितलं. आपल्या मुंबईत घरून केक, फराळ, मसाले, लाडू विकणाऱ्या बायका लॉकडाऊनमध्ये किती वाढल्या हे सगळ्यांनी बघितलंय. त्यांना दोनशे-तीनशे बॉक्स हवे असतात. शिवाय राज्यात मार्च २०१८ पासून प्लास्टिकबंदी आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सिंगल यूज प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंवर बंदी, त्यामुळे कागदी बॉक्सकडे ओढा होताच. गिऱ्हाईक दारात उभं आणि आपण नाही म्हणतोय अशी अवस्था होती.

मुलीचं म्हणणं होतं की लोन काढू, चार कलरचं मशीन घेऊ, इन्स्टाग्राम सुरू करू. काकांचं म्हणणं होतं की या वयात नको. मला दोघांचंही पटत नव्हतं. इगोर अन्सॉफ म्हणून एक अभ्यासक होता, त्याने १९५७ मध्ये धंदा वाढवायच्या वाटा सरळ मांडल्या होत्या, जुना माल जुन्या गिऱ्हाईकाला, जुना माल नव्या गिऱ्हाईकाला, नवा माल जुन्या गिऱ्हाईकाला, आणि नवा माल नव्या गिऱ्हाईकाला. शेवटच्या वाटेवर जोखीम सगळ्यात जास्त, कारण सगळंच अनोळखी. मुलगी म्हणत होती ते नवं मशीन, नवा माल, नवं गिऱ्हाईक, वर नवं कर्ज. मी काकांना एवढंच म्हटलं की एका वेळी एकच गोष्ट अनोळखी ठेवूया. बॉक्स करायला आपल्याकडे आत्ता काय काय आहे ते आधी बघूया.

आणि इथे ते ट्रेडल मशीन कामाला आलं. वडिलांचं, कोपऱ्यात, फक्त पावती पुस्तकांवर नंबर मारायला वापरत होते. बॉक्स करायचा म्हणजे पुठ्ठा आकारात कापायचा आणि घडीच्या रेषा पाडायच्या, त्याला पंचिंग आणि क्रीजिंग म्हणतात, आणि त्यासाठी डाय लागते. डाय म्हणजे प्लायवूडच्या फळीत स्टीलच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, धारवाली पट्टी कापते आणि बोथट पट्टी नुसती दाबून घडी पाडते, आणि पट्ट्यांच्या कडेने रबराचे तुकडे चिकटवतात म्हणजे कापल्यावर पुठ्ठा अडकून न राहता बाहेर ढकलला जातो. ट्रेडलचे शाईचे रोलर काढून ठेवायचे, खिळ्यांच्या जागी ही डाय चेसमध्ये, म्हणजे मशीनच्या लोखंडी चौकटीत, आवळायची, आणि एकेक शीट हाताने द्यायची. हात सांभाळून द्यायची, कारण मशीन कुणासाठी थांबत नाही. काकांना हे सगळं येत होतं, लहानपणी वडिलांच्या शेजारी उभं राहून शिकलेले. म्हणजे ज्या कामाला ते "आपलं नाही" म्हणत होते त्याचं अर्धं मशीन आणि पूर्ण हात त्यांच्याकडेच होता.

मग हिशोबाला बसलो. हा भाग जरा नीट सांगते कारण लहान ऑर्डर घेणारे बरेच जण इथेच अडकतात. समजा डिझाईन, प्लेट, मशीन सेट करणं आणि सेटिंगमध्ये वाया जाणारे शीट मिळून ४,००० रुपये, आणि पुठ्ठा, शाई, पंचिंग, पेस्टिंग (कडा चिकटवणं) मिळून एका बॉक्सला ९ रुपये. हजार बॉक्स असतील तर एक पडतो १३ रुपयांना, पाच हजार असतील तर पावणेदहाच्या आसपास, पण दोनशेच असतील तर २९ ला. काकूंना २९ सांगितलं तर त्या उठून जाणार आणि १५ सांगितलं तर आपण घरातून भरणार. पुठ्ठ्याच्या भावात घासाघीस करून हे सुटत नाही, सुटतं ते त्या ४,००० ची वाटणी करून. म्हणून बॉक्सचे मोजकेच ठरावीक साईज ठरवले, डाय एकदाच केली, आणि पांढरे कोरे बॉक्स रिकाम्या दिवसांत पंच करून ठेवायचे. छापायची ती फक्त वरून येणारी पट्टी, स्लीव्ह. चार जणींच्या स्लीव्ह एकाच शीटवर, एकाच प्लेटवर, एकाच रंगात, मरून किंवा हिरवा. ४,००० चे चार भाग झाले आणि दोनशेचा बॉक्स १४ रुपयांना पडायला लागला, त्यावर आपला नफा लावून जो रेट निघाला तो काकूंना झेपणारा होता. पेस्टिंगचं काम चाळीतल्याच बायकांना नगावर दिलं.

एक गोष्ट काकांनी स्वतः शोधून काढली. खायच्या वस्तूच्या पॅकिंगचे एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, २०१८ चे नियम आहेत, त्यात छापलेला भाग पदार्थाला थेट लागता कामा नये आणि शाई आयएस १५४९५ या मानकाची हवी असं स्पष्ट आहे. काकांनी शाईवाल्याकडून तशी शाई मागवली, रद्दीपासून बनणारा राखाडी पाठीचा डुप्लेक्स बोर्ड फराळासाठी वापरायचा नाही असं ठरवलं, आणि आत बटर पेपर घाला असं प्रत्येकीला सांगायला लागले. लेबलचंही तसंच. बऱ्याच जणी १४ आकडी एफएसएसएआय नंबर टाकायच्या पण बॅच नंबर नाही, निव्वळ वजन नाही, पॅकिंगची तारीख नाही, शाकाहारी चिन्हाचा हिरवा ठिपका चौकोनाशिवाय नुसताच. काका प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, दाखवताना हे सगळं सांगायचे. गिऱ्हाईक टिकलं ते मला वाटतं याच्यामुळे, रेटमुळे नाही.

पण हे सगळं होईपर्यंत काका गाळ्याच्या बाहेर पडलेच नव्हते. माल नवा झाला होता आणि गिऱ्हाईक अजून आपणहून येणारंच. ते पुरणार नव्हतं हे आकड्यांत दिसत होतं.

२०२३ मध्ये दिवाळीच्या आधी दादरला हॉलमध्ये प्रदर्शनं भरतात तशा एका प्रदर्शनाला आम्ही गेलो, स्टॉल घ्यायला नाही, स्टॉलवाल्यांना भेटायला. पिशवीत सॅम्पल होते. काका दारातच थबकले. म्हणाले, "अगं, ते विकायला बसलेत, आपण त्यांना विकायला जायचं हे बरं दिसतं का." मी काही बोलले नाही. दुपारी दोनच्या सुमाराला गर्दी ओसरते, तेव्हा ते आत गेले आणि एका लाडूवाल्या ताईंच्या स्टॉलवर नुसतेच बॉक्स उचलून बघायला लागले. उलटा केला, कडेवरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "ताई, हे पेस्टिंग उघडतंय बघा, आणि तुपाचा डाग बाहेर आलाय. आतून कोटिंग नाहीये याला." ताईंनी खुर्ची पुढे केली. पुढची वीस मिनिटं त्या दोघांचं पुठ्ठ्यावर बोलणं चाललं होतं, कार्ड द्यायची आठवण मला करून द्यावी लागली. त्यानंतर दर स्टॉलवर त्यांनी तेच केलं. त्यांना विकता येत नव्हतं, पण बॉक्स बघता येत होता, आणि अनोळखी माणसाशी बोलायला तेवढं पुरलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना मार्केटिंग जमत नाही असं आपण म्हणतो त्यातल्या पुष्कळ जणांना आपल्या कामावर तासभर बोलता येतं, फक्त त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की विकायचं म्हणजे वेगळीच भाषा बोलायची.

त्या सीझनला ऑर्डरी आल्या. आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

काकांना पैसे मागता येत नाहीत. आयुष्यभर सगळं उधारीवर, मंडळाचे पैसे गणपती उठल्यावर, पत्रिकेचे लग्न झाल्यावर. ओळखीत हे चालतं कारण बुडवणारा रोज नाक्यावर भेटतो. अनोळखी गिऱ्हाईकात नाही चालत. पुठ्ठा रोखीने आणायचा, पेस्टिंगवाल्या बायकांना शनिवारी पैसे द्यायचे, आणि डोंबिवलीच्या ताई म्हणणार दिवाळी झाली की देते. भीड भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ते मी त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या बँक स्टेटमेंटमध्ये बघितलं, ऑर्डरी भरपूर आणि खात्यात कागदवाल्याला द्यायला पैसे नाहीत. मी म्हटलं अर्धे आधी घ्या, तर म्हणाले, "बाईमाणसाकडे आधी पैसे कसे मागायचे, विश्वास नाही असं वाटेल त्यांना."

यावर उपाय त्यांच्या मुलीने काढला, आणि मला तो अजूनही सगळ्यात हुशारीचा वाटतो. दुसऱ्यांची पावती पुस्तकं छापणाऱ्या प्रेसमध्ये स्वतःचं ऑर्डर बुक नव्हतं. तिने ते छापलं. नाव, साईज, नग, रेट, एकूण, ५० टक्के ॲडव्हान्स, उरलेले डिलिव्हरीच्या वेळी, प्रूफ तपासल्याची सही. सगळं छापील, दोन प्रती. काकांनी फक्त पॅड पुढे सरकवायचं. तोंडाने मागायची वेळच येत नाही, गिऱ्हाईक वाचतं आणि फोन काढून पैसे टाकतं. एकाही ताईंनी अविश्वास वगैरे म्हटलं नाही, त्यांना स्वतःच्या गिऱ्हाईकांकडून ॲडव्हान्स घ्यायची सवय होतीच. आणि प्रूफवरच्या सहीने दुसरं एक जुनं दुखणं गेलं, पूर्वी नावात काना-मात्रा चुकली की पत्रिका परत छापून द्यायचे स्वतःच्या खर्चाने, मजकूर गिऱ्हाईकानेच चुकीचा दिलेला असला तरी.

मोठ्या गिऱ्हाईकाचा धडा वेगळा होता. लोअर परळच्या एका कंपनीने त्याच दिवाळीला दीड हजार गिफ्ट बॉक्स घेतले, चार कलर, म्हणजे छपाई वडाळ्याच्या दुसऱ्या प्रेसला जॉबवर्कला दिलेली आणि त्याचे पैसे आपण आधीच भरलेले. बिल ७० हजारांच्या आसपास. पर्चेस ऑर्डरवर ६० दिवस लिहिलेलं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, अकाउंट्सवाले म्हणतात प्रोसेसमध्ये आहे. काका फोन करायला तयार नाहीत, पुढच्या वर्षीची ऑर्डर जाईल म्हणून.

इथे कायदा माहीत असणं कामाला येतं. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या पुढे धरली जात नाही, लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज लागतं. याच्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी हवी, आणि ती माल देण्याच्या आधीची हवी. आमची होती, उद्यम पोर्टल १ जुलै २०२० ला सुरू झाल्यावर मी करून ठेवली होती, सरकारी साईटवर ती फुकट होते, पैसे मागणाऱ्या साईट सरकारी नसतात. आणि त्याच वर्षापासून, म्हणजे २०२३-२४ पासून, आयकर कायद्यात ४३बी (एच) लागू झालं होतं. त्यात असं की अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर माल घेणाऱ्या कंपनीला तो खर्च उत्पन्नातून त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. कंपन्यांच्या अकाउंट्स खात्यांना मार्चमध्ये याची खूप घाई होती.

मुलीने मेल लिहिला. चार ओळी, इंग्रजीत, बिल नंबर, तारीख, उद्यम नंबर, आणि ३१ मार्चच्या आत पैसे मिळावेत अशी विनंती, सोबत उद्यम सर्टिफिकेट. धमकी नाही, व्याजाचा शब्द नाही. काकांनी तो मेल तिला तीन-चार वेळा वाचायला लावला, "रागावतील का गं" म्हणून. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे जमा झाले. आणि २०२४ च्या दिवाळीला तीच कंपनी परत आली. अर्धा ॲडव्हान्स नाही म्हणाले, ३० टक्के दिला, काकांनी घेतला. थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करायची वेळ आली नाही, पण आली असती तर केली असती असं आता ते स्वतः म्हणतात, आणि एका वर्षापूर्वी ते असं म्हणाले नसते.

न जमलेल्या गोष्टीही सांगते. इन्स्टाग्रामवरून सुरत, दिल्लीहून चौकश्या यायच्या, पन्नास नगांच्या, उत्तरं देण्यात मुलीची संध्याकाळ जायची आणि ऑर्डर क्वचित. ते बंद केलं, आता फक्त फोटो टाकते. आणि पावसाळा. राखी आणि गणपतीच्या मोदकांचे बॉक्स छापायचे ते नेमके दमट दिवसांत, पुठ्ठा हवेतलं पाणी ओढतो, शीट वाकडी होते, गम वाळत नाही. एका ऑर्डरचं पेस्टिंग गिऱ्हाईकाच्या घरी उघडलं, काकांनी सगळे बॉक्स परत घेऊन नवीन दिले. तेव्हापासून कोरे बॉक्स मे महिन्यात पंच आणि पेस्ट करून प्लास्टिकमध्ये बांधून ठेवतात, त्यात पैसा अडकतो पण इलाज नाही.

२०२४-२५ चा हिशोब केला तेव्हा विक्रीतला साधारण ४० टक्के भाग बॉक्स आणि स्लीव्हचा होता. पत्रिका अजून आहेत. मंडळांची पावती पुस्तकंही आहेत आणि त्यांना ॲडव्हान्सचं पॅड लागू नाही, ते पैसे अजूनही गणपती उठल्यावरच येतात. मी त्यावर बोलले होते, काका म्हणाले, "तू कागद बघ, मंडळ मला कळतं." आणि खरंच, मंडळांकडचं येणं त्यांच्या वहीत आजवर बुडालेलं नाही, म्हणून मीही तो विषय सोडला.

सध्या वाद आहे चार कलरच्या सेकंडहँड मशीनवर. मुलीला आत्ता हवंय. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं, मशीनची चौकशी तिने करून ठेवलीये. काकांनी वहीच्या मागच्या पानावर वडाळ्याला दर महिन्याला जाणाऱ्या जॉबवर्कची बिलं लिहायला सुरुवात केलीये, आणि ठरलंय असं की ती बिलं सलग सहा महिने कर्जाच्या हप्त्याच्या वर गेली की बँकेत जायचं. गेल्या महिन्यापर्यंत दोन महिने वर होते, तिसरा खाली.